अम्मानची थंडी

पोलादपूरच्या स्टँडवर मी मुंबईच्या गाडीत चढलो, तेव्हा बाबा खाली उभे राहून कंडक्टरला रुपया का घसरतो ते समजावत होते. पोरगा पहिल्यांदा परदेशी चाललाय, खिडकीतून मान बाहेर काढून बघतोय, आणि ह्यांचं आपलं चालूच, की अमेरिकेनं नोटा छापायचं थांबवल्याशिवाय आपल्याकडे तेल स्वस्त व्हायचं नाही. कंडक्टर बिचारा हो हो करत होता, कारण त्याला बेल मारायची होती. गाडी हलली तेव्हा कुठे बाबांनी माझ्याकडे बघितलं, हात अर्धा वर केला आणि म्हणाले, "जेवत जा येळेवर." बस्स, तेवढंच.

सकाळी वाडीतून खाली उतरताना शेजारच्या काकीने अंगणातून हाक मारली होती, "लांब का रे?" मी म्हटलं, "हो, जरा लांब." आमच्याकडे निघालेल्या माणसाला 'कुठे' असं विचारत नाहीत. विचारलं की काम फिसकटतं. महाडच्या बाजाराला निघालेल्यालाही हाच नियम आणि समुद्रापार निघालेल्यालाही हाच. अगदीच राहवलं नाही तर 'लांब का' म्हणायचं, आणि समोरच्याने हो म्हणून पुढे चालायला लागायचं. त्यामुळे त्या दिवशी मला कोणी 'कुठे' म्हणालं नाही ते रीतीला धरूनच होतं, त्याचं काही नाही. मला लागलं ते पुढे. मी ओमानला पोचलो, कामाला लागलो, वर्षं गेली, आणि तरी बाबांनी एकदाही विचारलं नाही की बाबा रे, तू असतोस तरी नेमका कुठे.

तुम्ही वाडीत राहिलेले असाल तर म्हणाल, त्यात काय एवढं. पण माझ्यासारखे बाहेर पडला असाल तर तुम्हाला कळेल. आपण पृथ्वीच्या पाठीवर कुठे आहोत हे मागच्या एका तरी माणसाला ठाऊक असावं असं वाटतं. आई मी शाळेत असतानाच गेली. बहीण तुडीलला दिलेली, ती तिच्या घरात, तिच्या सासूच्या ताब्यात. उरले बाबा. आणि त्यांनी विचारलं नाही म्हणून मीही हट्टाने सांगितलं नाही. निघताना एकदा ओट्यावर 'ओमान' एवढा शब्द बोललो होतो, तेवढ्यावरच गोष्ट थांबली.

मी आधी महाडच्या एमआयडीसीत ऑपरेटर होतो, रिअॅक्टरवर. आमच्या भागातल्या पोरांना दोनच वाटा दिसतात, एक मुंबई आणि दुसरी एमआयडीसी. मी एमआयडीसीतून थेट सोहारला गेलो. सोहार म्हणजे ओमानमधलं समुद्रकाठचं शहर, मोठं बंदर, आणि बंदराशेजारी नुसते प्लँटच प्लँट. राहायला कंपनीचा कॅम्प. खोलीत तिघं जण. मी, एक केरळचा वेल्डर आणि एक नेपाळचा फिटर. तिघांची आपसातली भाषा हिंदी, तीही प्रत्येकाने आपापल्या परीने लंगडी करून ठेवलेली. साहेबाला आम्ही मुदीर म्हणतो, 'चला' म्हणायचं असेल तर याल्ला, आणि बताका, म्हणजे तिथलं ओळखीचं कार्ड, खिशात नसेल तर दाराबाहेर पाऊल टाकत नाही. पहिल्या सुट्टीवर आलो तेव्हा पोलादपुरात हॉटेलवाल्याने अजून भजी वाढू का विचारलं आणि मी सवयीने "खल्लास" म्हटलं, म्हणजे तिथल्या भाषेत 'पुरे'. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पैसे ठेवून निमूट बाहेर पडलो.

तिथे बोलायला माणसं नाहीत असं नाही. पण तुम्ही बोलाल ते खोडून काढायला कोणी नाही. मी म्हटलं डॉलर वर गेला, की नेपाळी म्हणतो, "हां भाई." मी म्हटलं डॉलर खाली आला, तरी "हां भाई." आमच्या वाडीत कोणी असं लागोपाठ दोनदा हो म्हणालं, तर त्याला बरं नाही समजून घरी पोचवतील. कंपनीने आता कॅमेरे बसवलेत, ते डोक्यावर हेल्मेट नसलं की आपणहून मुदीरला कळवतात. सगळे म्हणतात, यंत्राला डोकं आलं. मी म्हणतो, डोकं नाही, चहाडखोरपणा आला, तो आमच्या गावकीत कधीपासून होता. हा विनोद मी मराठीत मनातल्या मनात केला आणि एकटाच हसलो. वेल्डरने विचारलं, क्या हुआ. काय सांगणार त्याला? गावकी म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागली असती.

म्हणून शुक्रवारची वाट बघायची. तिथे सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी बाबांचा फोन ठरलेला, आणि मधल्या वारीही एखाद-दुसरा यायचाच.

आमच्या वाडीत रेंज नाही. रेंज येते वरच्या खिंडीत, एसटीच्या निवारा शेडपाशी. फोन करायचा तर ती चढण चढायची, आणि वर गेलं की तिथे आधीच चार माणसं फोन कानाला लावून किंवा नुसतीच बसलेली. त्यामुळे आमच्याकडे फोनवर खाजगी असं कोणी बोलूच शकत नाही. मुंबईतल्या नवऱ्याशी बोलणारी बाईसुद्धा भाताच्या रोपांबद्दल बोलते आणि मधेच लाजते, त्यावरून काय ते समजून घ्यायचं. बाबा शेडमध्ये बसून माझ्याशी बोलायचे म्हणजे जगाच्या कारभारावर बोलायचे. शेजारी गोपाळतात्या. हे तात्या मुंबईला कंपनीत नोकरी करून, निवृत्त होऊन परत आलेले, आमच्या वाडीचे एकमेव जग बघितलेले गृहस्थ. बाबा बोलणार, तात्या मागून दुरुस्त्या सुचवणार.

बाबांची मतं ऐकण्यासारखी असतात, हे मान्य करायला हवं. अमेरिकेबद्दल ते म्हणतात, हा दुसऱ्याच्या बांधावरचं भांडण सोडवायला जातो नि येताना त्याचाच नांगर खांद्यावर घालून आणतो. चीनचा माल स्वस्त का, तर तिकडे कोणी दुपारचं झोपत नाही. पाचाडवाल्यांनी रायगडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी खायला घालून चांगली घरं बांधली, आणि आपली पोरं वाळवंटात गेली, म्हणजे अर्थशास्त्र नेमकं कोणाला कळलं, असा त्यांचा सवाल असतो. मी पाठवलेल्या स्मार्टफोनबद्दलही त्यांचं मत आहे. तात्यांनी त्यांना माइकचं चित्र दाबून बोलायला शिकवलं. बाबा म्हणतात, ह्याला विचारलेलं सगळं येतं, पण न विचारलेलं काय येत नाही, म्हणजे हा सरकारी हापिसातला माणूस आहे.

पण पुढे पुढे बाबांचं सगळं बोलणं एकाच जागी येऊन अडायला लागलं. इस्रायल. भाताला भाव नाही, रानडुकरांनी वरचं शेत लोळवलं, बहिणीच्या मुलाला दात आला, एवढं भरभर सांगून झालं की लगेच, "तिकडं काय चाललंय रं? इस्रायल काय म्हणतोय?" मला काय माहीत इस्रायल काय म्हणतोय! मी ड्युटी करून, डाळ-भात खाऊन झोपणारा माणूस. टीव्हीवर जे दिसतं ते सगळ्या जगाला दिसतं. मी वैतागून तुटक उत्तरं द्यायचो. घरचा आवाज ऐकायला मी आठवडाभर थांबायचो आणि ऐकायला काय मिळायचं, तर क्षेपणास्त्रं. मला वाटायचं, विचारा ना एकदा, खोली केवढी आहे. खिडकीतून काय दिसतं. शेजारी कोण झोपतो. आपला बाप साऱ्या जगाची चौकशी करतो आणि आपलीच करत नाही, हे फार एकटं करून टाकणारं असतं. फोन ठेवल्यावर मी कॅम्पच्या भिंतीकडेने चकरा मारत राहायचो.

थंडीत आणखी एक सुरू व्हायचं. "तिकडं लय गारठा पडलाय म्हनं. कानटोपी घालतोस ना?" मी बनियनवर बसून घाम पुसत असायचो. म्हणायचो, बाबा, इथे कसली आलीय थंडी. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "उगा लपवू नको. मना कळतं सगला." मी मनात म्हणायचो, वय झालं. परदेश म्हणजे बर्फ, एवढंच ह्यांच्या डोक्यात बसलंय.

एकदा त्यांनी विचारलं, "भोंगा वाजतो का रे तिकडं?" मला बरं वाटलं. चला, कंपनीबद्दल विचारलं तरी. महाडला असताना आमच्या प्लँटचा भोंगा त्यांनी ऐकलेला होता. मी म्हटलं, "वाजतो की. दर आठवड्याला वाजतो. आता सवय झालीय, कोणी मान वर करूनसुद्धा बघत नाही." पलीकडे बाबांनी ते हळू आवाजात तात्यांना सांगितलं. मग बाबा म्हणाले, "मान वर करत जा. वाजला का आत जात जा." आणि फोन तात्यांकडे दिला. तात्या म्हणाले, जपून राहा रे बाबा. मीही म्हटलं, हो हो.

गेल्या जानेवारीत मी सुट्टीवर आलो. एका दुपारी आम्ही तिघं शेडमध्ये बसलो होतो, बाबा, तात्या आणि मी. माझी परत निघायची तारीख जवळ आली होती. बाबांनी फोन काढला, बोट फिरवलं आणि तात्यांना म्हणाले, "आज लय कमी हाय. ह्यो हितून जायाचा, नि उतरला का कुडकुडनार." मी सहज वाकून बघितलं. हवामानाचं पान होतं. ढग, खाली आकडे, आणि वर नाव, अम्मान. मी म्हटलं, हे काय? बाबांनी पान सरकवलं. खाली बातम्या. अम्मानमध्ये सायरन, अम्मानच्या आकाशात क्षेपणास्त्रं, अम्मानमध्ये बर्फ. नकाशाही होता. टिंब जॉर्डनवर होतं, आणि त्याला खेटून इस्रायल.

मला समजायला वेळ लागला. ओमान हा शब्द बाबांच्या तोंडी 'आम्मान' होतो. त्यांनी माइक दाबून तो एकदा म्हटला असणार. फोनने त्याला समजलं ते शहर दिलं. आणि ह्या यंत्राचा स्वभाव असा की एकदा एक गोष्ट मागितली की जन्मभर तीच वाढत बसतं, पानात नको म्हणून हात आडवा केला तरी. तात्यांना ओमान, अम्मान सगळं सारखंच. दोघांनी मिळून मला एका परक्या देशात ठेवलं होतं आणि रोज खिंड चढून तिथली लढाई बघत होते.

मी म्हटलं, "बाबा, मी कुठे असतो?"

बाबांनी घाईघाईने हात वर केला. "निगायच्या टायमाला कुठं म्हनू नये."

"निघायला अजून अवकाश आहे. आणि इतकी वर्षं तरी का नाही विचारलंत?"

"कसा इचारू? मानूस घरी येऊन राहत नाय तवर तो वाटंवरच हाय. तू अजून वाटंवरच हायस. वाटंवरच्याला कुठं इचारत नाय."

मी त्यांच्या फोनवर नकाशा मोठा केला, जॉर्डन दाखवलं, मग बोट खाली सरकवत सरकवत, सगळं वाळवंट ओलांडून, समुद्राच्या काठाला सोहार दाखवलं. म्हटलं, मी इथे. इथे युद्ध नाही. इथे बर्फ नाही. समोर समुद्र आहे आणि त्या समुद्राच्या ह्या अंगाला आपण.

"मंग भोंगा?"

"तो कंपनीचा, बाबा. चालतो का बघायला वाजवतात. महाडला वाजायचा तसाच."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि त्या टिंबाकडे बघत राहिले. तात्या फोन बनवणाऱ्याला शिव्या घालत होते. मग बाबा म्हणाले, "म्हंजी एवढी वरसं मी फुकटच भ्यालो?"

मला हसू आलं आणि हसता हसता रडूच आलं. चारचौघांत, शेडमध्ये. शेडच्या दुसऱ्या टोकाला एक बाई फोनवर बोलायची थांबून बघायला लागली. जो माणूस माझी चौकशी करत नाही म्हणून मी झुरत होतो, तो गुडघे धरून चढण चढत होता, सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यात पाय शेकून परत चढत होता, केवळ माझ्यावर काही पडलं नाही ना ते बघायला. इस्रायल काय म्हणतोय, ह्याचा अर्थ तू जिवंत आहेस ना, असा होता. शेडमध्ये माणसं बसलेली, त्यांच्यासमोर दुसरं कसं विचारणार?

गोष्ट इथे संपली असती तर बरी झाली असती. मी सोहारला परत आलो. बाबांच्या फोनवर आता ओमानच्या बातम्या लावून दिल्या होत्या. पहिल्या शुक्रवारी बाबांनी तक्रार केली, "तुज्या देशात कायच घडत नाय रे." खरंच नाही. रस्ता झाला, खजूर पिकला, सुलतानाने कोणाची तरी भेट घेतली. त्यावर किती बोलणार? मग ते म्हणाले, "त्या अम्मानात पन कुनाची पोरं आसतीलच की. मी बगतो आजून अधनंमधनं."

मधल्या वारचे फोन बंद झाले. मग एखादा शुक्रवारही चुकायला लागला. मी रागावलो, तर म्हणाले, "कशाला चढू रे? तू बरा हायस, मना म्हाइत हाय." बोलणं अगदी रास्त होतं. गुडघे दुखतात, खिंड काही जवळ नाही, आणि पोरगा सुखरूप आहे. मी त्यांची भीती काढून घेतली आणि तिच्याबरोबर आमचं बोलणंही गेलं. माझ्या लग्नाचं बघणं चालू आहे, म्हणजे परदेशी आहे म्हणून मुली सांगून येतात आणि परदेशी आहे म्हणूनच मोडतं. खोलीतला केरळी सुट्टीवर गेला होता. नेपाळी 'हां भाई' म्हणत होता. वाईट ह्याचं वाटायचं, की कधीकाळी मी नुसता जिवंत आहे ह्या बातमीसाठी कोणी डोंगर चढत होतं, आणि तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला अरबी समुद्रात वादळ उठलं. कोकणाला चाटून ते पश्चिमेला निघालं, आमच्याच दिशेला, असं इथे सांगत होते. कंपनीने बाहेरची कामं थांबवली. कामाच्या वारी, भर सकाळी, फोन वाजला. बाबा. धापा टाकत होते.

"आयक. हिकडं दोन दिस वारा व्हता. भात सगला आडवा केलान. आता तिकडं निगालाय, सोवारला. मी नकाशात बगितला, सरल तुज्याकडंच येतोय. खिडक्या लाव. पानी भरून ठेव."

सोवार. बरोबर गाव, बरोबर दिशा. त्यांचं वर्षाचं भात झोपलं होतं, ते एका वाक्यात उरकून ते माझ्या खिडक्यांकडे आले होते.

सकाळी नोटीस लागली होती की वादळाचा जोर समुद्रातच ओसरला, दुपारपासून कामं नेहमीप्रमाणे. बाहेर ऊन पडलं होतं. मी ते सांगणारच होतो. तोंडापर्यंत आलं होतं की बाबा, भिऊ नका, काही नाही इथे, खाली उतरा सावकाश.

मी म्हटलं, "हो बाबा. वारा लागायला लागलाय इकडे. लावतो खिडक्या."

"लाव. मी बसलोय हितंच, शेडमदी. दुपारच्याला परत फोन करतो."

"करा," मी म्हटलं. "नक्की करा."

घर म्हणजे काय, असं आता कोणी मला विचारलं तर मी ओटा सांगणार नाही, शेत सांगणार नाही. ती सगळी माझ्याशिवाय नीट चालली आहेत. माझ्यासाठी उगाचच भिणारं एक माणूस जिथे बसलेलं असतं, ते माझं घर. ते माणूस आज सत्तरीच्या पुढे आहे. एक दिवस मी कुठेही असलो, कसल्याही वादळात असलो, तरी माझी काळजी वाटणारं कोणी उरणार नाही, आणि त्या दिवसापासून मी खरा परदेशात असेन. म्हणून मी त्या सकाळी खोटं बोललो, दुपारीही बोललो, आणि पुन्हा वारा सुटला तर पुन्हा बोलेन.